संधिवात आहेच, आता कंबरही धरली: पहिल्या दिवसापासून काय बघायचं, काय करायचं

माझ्या रुमेटॉइड संधिवाताला आता ११ वर्षं झाली. बोटं, मनगटं, पावलं, कुठला सांधा कशाने चिडतो हे सगळं पाठ झालेलं, त्यामुळे एक दिवस कंबर दुखायला लागली तेव्हा मी फार डोकं लावलंच नाही, म्हटलं झालं, आता इथेपण पोचला. प्रेडनिसोलोन ह्या स्टेरॉइडची ५ मिलिग्रॅमची गोळी रोज चालूच होती, ती मनानेच दोन केली आणि आडवी झाले. आडवं पडलं की बरं वाटायचं, उठून बसलं की परत कळ, हे दिसत होतं पण त्याचा अर्थ लावायची अक्कल नव्हती. दहाव्या दिवशी एक्स-रे काढला तर कमरेच्या वरच्या टोकाचा एक मणका पुढच्या बाजूने चेपलेला. सरळ सांगायचं तर फ्रॅक्चर. ज्या गोळीने वर्षानुवर्षं हाडं पोखरली तीच मी हाड मोडल्यावर डबल घेत होते.

तेव्हापासून कुणी नवीन माणूस विचारतो ना, "मला संधिवात आहे, आता कंबर दुखतेय, हा फ्लेअरच असेल का?", म्हणजे जुन्या संधिवातानेच उसळी मारली का, तर मी हो-नाही काहीच म्हणत नाही, उलट त्यालाच प्रश्न विचारत बसते. ते प्रश्न ज्या क्रमाने विचारते त्याच क्रमाने खाली लिहिलेत. मी डॉक्टर नाही, पेशंट आहे. हे वाचून स्वतःचं निदान करायचं नाहीये, फक्त डॉक्टरकडे जाताना नीट माहिती घेऊन जायचंय, आणि कुठल्या वेळी घरी थांबायचंच नाही ते ओळखायचंय.

पायरी १: आज रात्री थांबता येईल का, ते आधी ठरवा

बाकी सगळं नंतर. लघवी होत नाहीये, किंवा होतेय पण कळत नाहीये, किंवा आपोआप गळतेय. शौचावरचा ताबा गेलाय. सायकलच्या सीटला टेकतो तेवढा भाग, म्हणजे जांघांच्या आतून मागेपर्यंत, बधिर वाटतोय, पुसताना जाणवतच नाही. दोन्ही पायांत एकदम ताकद कमी झाली, किंवा एक पाऊल चालताना फरफटतंय. ह्यातलं एकही असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, तडक इमर्जन्सीला जायचं, मग रात्रीचे २ वाजलेले का असेनात. मणक्यातल्या खालच्या नसांचा सगळा जुडगा दाबला गेला की असं होतं, आणि ऑपरेशनला उशीर झाला तर लघवीचा त्रास कायमचा राहू शकतो, इथे दिवस नाही तास मोजतात. ह्या गोष्टी सांगायला लोक लाजतात आणि नुसतं "कंबर फार दुखतेय" म्हणून मोकळे होतात. लाजू नका, लघवीचं पहिल्या वाक्यातच सांगा.

दुसरं म्हणजे ताप, थंडी वाजणं, रात्री कपडे भिजतील इतका घाम, कारण नसताना वजन उतरणं. कंबरदुखीबरोबर ह्यातलं काही असेल तर मणक्यातलं इन्फेक्शन आधी डोक्यात आणायचं. आपल्यासारख्यांना हे जास्त लागू, कारण मेथोट्रेक्सेट, स्टेरॉइड, बायोलॉजिकची इंजेक्शनं, जॅक इनहिबिटरच्या गोळ्या, ही सगळी औषधं प्रतिकारशक्तीलाच लगाम घालतात. आणि गोची अशी की ताप येईलच असंही नाही, स्टेरॉइड ताप झाकून टाकतं. ॲडालिमुमॅबसारख्या टीएनएफ (सूज वाढवणारं शरीरातलं एक प्रथिन) अडवणाऱ्या औषधांवर असाल तर शरीरात झोपलेला टीबी जागा होऊ शकतो, आणि मणका ही त्याची आवडती जागा. सुरू करण्याआधी टीबीची टेस्ट झालीच असेल, पण ती निगेटिव्ह आली म्हणून विषय कायमचा मिटला असं नसतं. मणक्याचा टीबी सावकाश चालतो, आठवडे, महिने, म्हणून "हळूहळू वाढतंय, म्हणजे सीरियस नसेल" हा हिशोब इथे चालत नाही.

तिसरं, पडलात का? किंवा पडला नसाल पण स्टेरॉइड ३ महिन्यांहून जास्त घेतलंय, वय पन्नाशीच्या पुढे आहे, आणि बादली उचलताना किंवा नुसतं शिंकताना कळ आली? माझं असंच झालं, वाकून गादीची चादर खोचत होते, बस इतकंच. आणि ज्यांचा अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस (पाठीच्या कण्याचा संधिवात) जुना आहे, पाठ बऱ्यापैकी जुळून ताठ झालेली आहे, त्यांनी तर साधं घसरून बसल्यावर नवीन दुखणं सुरू झालं तरी ते फ्रॅक्चरच धरून चालायचं, तपासून नाही म्हणेपर्यंत. जुळलेला मणका लांब काठीसारखा मोडतो. साध्या एक्स-रेत तो कधीकधी दिसतही नाही, सीटी किंवा एमआरआय लागतो, म्हणून "एक्स-रे नॉर्मल आहे" म्हणून घरी पाठवलं तर आपला आजार नाव घेऊन परत सांगा.

पूर्वी कधी कॅन्सर झालेला असेल तर तेही आत्ताच सांगायचं. आणि वय जास्त, सिगरेटची सवय, त्यात पोटात-पाठीत एकदम फाटल्यासारखी कळ येऊन घेरी आली तर ती कंबरदुखी नाहीच, ती पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीची भानगड असू शकते, अँब्युलन्स बोलवा.

ह्यातलं काहीच नाही? मग जरा श्वास घ्या. बहुतेकांचं काहीच नसतं.

पायरी २: तुमचा संधिवात नेमका कुठला, हे फाइल उघडून बघा

हसू नका, मी कितीतरी लोक बघितलेत ज्यांना ५ वर्षं औषध चालू आहे आणि नाव विचारलं तर "वाताचं काहीतरी" म्हणतात. कंबरेच्या बाबतीत सगळा फरक नावातच आहे.

रुमेटॉइड असेल तर तो मानेला धरतो, अगदी वरच्या पहिल्या दोन मणक्यांना, पण कमरेत तो थेट शिरणं हे फार कमी. म्हणजे रुमेटॉइडवाल्याची कंबर दुखली तर संशयितांच्या यादीत रुमेटॉइड स्वतः खालच्या नंबरवर. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर माझे ते दहा दिवस वाचले असते. (मान दुखून हाताला मुंग्या येत असतील तर मात्र तो वेगळा आणि लवकर दाखवायचा विषय.)

सोरायटिक आर्थ्रायटिस, अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, आतड्याच्या सुजेबरोबर येणारा संधिवात, जुलाबाच्या किंवा लघवीच्या इन्फेक्शननंतर उठणारा रिॲक्टिव्ह, ही सगळी एका घराण्यातली भावंडं, आणि ह्यांचं माहेरघरच कंबर. पाठीचा कणा खाली जिथे कमरेच्या हाडाला दोन्ही बाजूंनी जोडलेला असतो ते दोन सांधे, सॅक्रोइलियाक म्हणतात, तिथून सुरुवात होते. नितंबाच्या वरच्या भागात, जिथे दोन खळ्या दिसतात ना, त्याच्या आत खोलवर दुखतं. तुमच्या फाइलवर ह्यातलं नाव असेल तर नवीन कंबरदुखी ही आजारानेच केलेली असण्याची शक्यता खरोखर आहे, आणि ती अंगावर काढायची नाही.

आणि हो, निदान चुकलेलंही असू शकतं. रुमेटॉइड म्हणून ट्रीटमेंट चाललेली असते, रक्तातली तपासणी निगेटिव्ह असते, आणि मग कंबर सुरू झाल्यावर कुणीतरी कानामागे, टाळूवर, बेंबीत, नखांवर नीट बघतं आणि सोरायसिसचे बारीक चट्टे निघतात. तेव्हा स्वतःची नखं बघा, टाचणीने टोचल्यासारखे खड्डे आहेत का. टाच सकाळी दुखते का. पायाचं एखादं बोट अख्खं सुजून जाड झालं होतं का कधी. डोळा लाल होऊन उजेड सहन न होणं असं कधी झालंय का, आणि आत्ता होत असेल तर आजच डोळ्यांच्या डॉक्टरकडे. शौचातून रक्त. ह्या सगळ्याचा कंबरेशी काय संबंध असं वाटतं, पण रुमेटॉलॉजिस्टला ह्यातलं एकेक वाक्य फार कामाचं असतं.

पायरी ३: दुखणं कसं वागतं ते ५-७ दिवस लिहून ठेवा

दुखणं किती आहे ह्यापेक्षा ते कधी वाढतं आणि कशाने कमी होतं ह्यात जास्त माहिती असते.

सुजेची कंबरदुखी अशी वागते: दबकत सुरू होते, नक्की तारीख सांगता येत नाही. पहाटे ३-४ला झोपमोड करते. सकाळी पाठ लाकडासारखी, मोजे घालायला वाकता येत नाही, हे अर्धा तास किंवा जास्त चालतं. मग हालचाल केली, गरम पाण्याने अंघोळ केली की सैल होते. पडून राहिलं की वाढते. कधी डावा कुल्ला, कधी उजवा, आलटून पालटून. आणि सुजेवरची पेनकिलर घेतली की एक-दोन दिवसांत चांगलाच फरक पडतो. बहुतेक वेळा सुरुवात चाळिशी-पंचेचाळिशीच्या आत झालेली असते.

साधी यांत्रिक, म्हणजे ताण पडून होणारी, कंबरदुखी बरोबर उलटी. काम केलं, उभं राहिलं, वाकलं की वाढते, पडलं की बरं. सकाळी थोडं आखडतं पण १०-१५ मिनिटांत सुटतं. उसण भरली त्याचा दिवस, तास, कधीकधी ती वस्तूसुद्धा आठवते.

नस दबली असेल तर कळ कमरेत कमी आणि पायात जास्त, गुडघ्याच्या खाली पोटरी-पावलापर्यंत एका पट्ट्यात जाते, मुंग्या येतात, खोकलं-शिंकलं की झटका बसतो. आणि वय झालेल्यांमध्ये चालताना पाय भरून येणं आणि पुढे वाकून उभं राहिलं किंवा बसलं की सुटणं, ही मणक्यातली नळी अरुंद झाल्याची खूण.

मणका चेपला असेल तर मधोमध, बोट ठेवून दाखवता येईल अशा जागी दुखतं, बसलं-उभं राहिलं की जास्त, कूस बदलताना तर जीवच जातो, सपाट पडलं की उतरतं. इन्फेक्शन किंवा गाठ असेल तर ना पडून बरं ना फिरून, रात्रंदिवस एकच सूर, उलट रोज थोडं चढत जातं.

आता अर्थातच माणूस काही पुस्तक वाचून दुखत नाही, दोन प्रकार एकत्रही असतात, आधीच सुजेची पाठ असलेला माणूस उसणही भरून घेऊ शकतो. म्हणून निष्कर्ष नको, फक्त नोंद. मोबाइलमध्ये अशा ओळी पुरतात:

"सोम. पहाटे ३:४० जाग, उजवा कुल्ला, १० पैकी ६. उठून फिरले, २० मिनिटांत ३. सकाळचा ताठपणा ५० मिनिटं. संध्याकाळी जवळपास नाही. ताप ९८.४. गोळी: कालचीच, जास्तीची नाही."

ताप खरंच मोजा, हात लावून नाही. आणि ताठपणाची वेळ म्हणजे डोळे उघडल्यापासून पाठ "आता आपली वाटते" इथपर्यंत, अलार्मपासून नाही.

पायरी ४: कंबर सोडून बाकीचे संशयित

कंबरेत दुखतं म्हणजे बिघाड कमरेतच असेल असं काही नाही. गुडघा किंवा पाऊल सुजलंय म्हणून महिनाभर लंगडत चालताय, मग कंबर एका बाजूने ओढली जाणारच. खुब्याचा सांधा खराब झाला की जांघेत आणि कुल्ल्यात दुखतं, लोक त्यालाच कंबर म्हणतात. मुतखड्याची कळ बरगडीखालून जांघेकडे उतरते आणि माणूस एका जागी बसू शकत नाही. एका बाजूला पट्ट्यासारखी आग होतेय, कपडा लागलेला सहन होत नाही, तर दोन-चार दिवसांत तिथे नागिणीचे फोड येतात का बघा, जॅक इनहिबिटर घेणाऱ्यांना नागीण जास्त होते आणि औषध लवकर सुरू केलं तरच त्याचा उपयोग.

लघवीचं इन्फेक्शन वर किडनीपर्यंत गेलं तरी पाठ दुखते. इथे एक गोष्ट अगदी अधोरेखित करून सांगते: मेथोट्रेक्सेट चालू असेल तर ते अँटिबायोटिक लिहिणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला आधी सांगायचं. लघवीच्या इन्फेक्शनला ट्रायमेथोप्रिम किंवा ते असलेली कोट्रायमोक्साझोल ही गोळी सर्रास देतात, आणि ती मेथोट्रेक्सेटबरोबर घेतली तर रक्तपेशी तयार होणंच धोक्यात येऊ शकतं.

पायरी ५: डॉक्टर भेटेपर्यंत काय करायचं, काय नाही

धोक्याचं काही नाही असं धरून लिहितेय.

पडून राहू नका. एक-दोन दिवस जरा कमी हालचाल ठीक, त्यापुढे अंथरूण नुकसानच करतं. १९८६ सालच्या एका अभ्यासात कंबरदुखीच्या काही पेशंटना २ दिवस आणि काहींना ७ दिवस विश्रांती सांगितली होती, तर २ दिवसवाल्यांचे कामाचे दिवस कमी बुडाले आणि बरं होण्यात काही फरक नव्हता. घरातल्या घरात ५-१० मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा चाला, दुखणं चढायच्या आत थांबा. माझ्यासारखी फ्रॅक्चरची शंका असेल तर मात्र चालण्याचे विक्रम नकोत, वाकणं, वजन उचलणं पूर्ण बंद, आणि तपासणी लवकरात लवकर.

शेक चालतो, १५-२० मिनिटं, मध्ये कापड ठेवून, बधिर जागेवर नाही. झोपताना कुशीवर, दोन गुडघ्यांमध्ये उशी, किंवा उताणं झोपून गुडघ्यांखाली उशी.

उठायची पद्धत सगळे सांगतात: आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, हाताने रेटून बसा. पण ही पद्धत चांगली मनगटं असलेल्या माणसाने लिहिलेली आहे! तळवा टेकून रेटलं की माझं मनगट बोंबलतं. आपण कोपर आणि कोपरापासून मनगटापर्यंतचा हात गादीवर आडवा टेकवायचा, त्यावर भार द्यायचा, पाय खाली जाताना त्यांच्या वजनाने धड वर येतं ते येऊ द्यायचं, मध्ये श्वास रोखायचा नाही. दोन दिवसांत जमतं. वस्तू उचलतानाही तेच, बोटांच्या पकडीत लांब धरली की कंबरेवर दुप्पट ओढ, दोन्ही हातांवर घेऊन पोटाशी धरली की कमी.

आता गोळ्या. तुमच्या रोजच्या औषधांत आधीच नॅप्रोक्सेन, इटोरिकॉक्सिब, एसिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक ह्यातलं काही असेल तर त्यावर दुकानातून आणखी एक पेनकिलर घ्यायची नाही. नावं वेगळी असली तरी ती एकाच जातीची, फायदा वाढत नाही, पोटातला अल्सर आणि किडनीवरचा ताण वाढतो, आणि बरोबर स्टेरॉइड असेल तर अल्सरचा धोका आणखीच. मेथोट्रेक्सेटवर असाल तर नवीन पेनकिलर विचारूनच. पॅरासिटामॉल पोटाला सौम्य आहे, पण साध्या कंबरदुखीत त्याने लवकर बरं होतं असं २०१४च्या मोठ्या चाचणीत दिसलं नाही, तेव्हा अपेक्षा बेताची ठेवा आणि लिव्हरची तक्रार असेल तर डोस विचारा.

स्टेरॉइड मनाने वाढवू नका, माझा धडा वर आहेच, आणि घाबरून एकदम बंदही करू नका. बरेच दिवस घेतलेलं असलं की शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं विसरलेलं असतं, एकदम थांबवलं तर बीपी पडून माणूस गंभीर होऊ शकतो. बायोलॉजिकचं इंजेक्शन नेमकं ह्याच आठवड्यात असेल आणि ताप किंवा इन्फेक्शनची शंका असेल तर घेण्याआधी फोन करून विचारा, बहुतेक वेळा थांबायला सांगतात.

आणि निदान होईपर्यंत कुणाकडूनही पाठ तुडवून, झटका देऊन, मणका "बसवून" घ्यायचा नाही. कितीही प्रेमाने कुणी म्हणालं तरी. जुळलेल्या किंवा ठिसूळ मणक्याला तो एक झटका पुरतो.

पायरी ६: डॉक्टरसमोरची पहिली ३० सेकंदं

शक्यतो ज्यांच्याकडे संधिवाताची फाइल आहे त्यांच्याकडे आधी. भेट लांबची असेल तर जवळच्या फॅमिली डॉक्टरकडे जा पण औषधांची पूर्ण यादी दाखवा, इंजेक्शनसकट. इंजेक्शन महिन्यातून एकदा असतं म्हणून लोक ते सांगायलाच विसरतात.

सुरुवात "डॉक्टर, फार दुखतंय हो" अशी केली की अर्धा वेळ त्यातच जातो. मी आता कागदावर लिहूनच नेते: "सोरायटिक आहे ६ वर्षं, मेथोट्रेक्सेट १५ मिलिग्रॅम आठवड्यातून एकदा, स्टेरॉइड नाही. ५ आठवडे नवीन कंबरदुखी, पहाटे जाग येते, सकाळी तासभर ताठ, चाललं की बरं. ताप नाही, वजन तेवढंच, पडले नाही, पायात ताकद आहे, लघवी ठीक." हे उदाहरण म्हणून, आपलं आपण भरायचं. ह्यात नकार पण सांगितलेत बघा, ते तितकेच महत्त्वाचे.

तपासताना ते मणक्यांवर मुठीने हलकेच ठोकतील, एखाद्याच मणक्यावर जीव गेला तर सांगा. पाय सरळ ठेवून वर उचलतील, पायाचा अंगठा ढकलायला सांगतील. कधीकधी पाठीवर पेनाने दोन खुणा करतात, एक त्या खळ्यांच्या रेषेत आणि दुसरी १० सेंटीमीटर वर, मग वाकायला सांगून टेपने परत मोजतात, लवचिक पाठीत ते अंतर साधारण ५ सेंटीमीटरने वाढतं. मैत्रिणीचं जेमतेम दोनने वाढलं होतं, तिला वाटत होतं ती छान वाकतेय, कारण वाकत होता तो खुबा.

रक्ताच्या टेस्ट: सीआरपी आणि ईएसआर सूज दाखवतात, पण पाठीच्या संधिवातात त्या बऱ्याच जणांच्या नॉर्मल येतात, म्हणून नॉर्मल आल्या म्हणजे नाटक करताय असं नाही. टोसिलिझुमॅब घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायचं की ते औषध सीआरपीच दाबून टाकतं, आत इन्फेक्शन असलं तरी आकडा गोंडस दिसू शकतो. एचएलए-बी२७ पॉझिटिव्ह आली तर लगेच गळाठू नका, ही जनुकाची खूण असलेल्या बहुतेक लोकांना आजार कधीच होत नाही, ती बाकीच्या लक्षणांबरोबरच वाचायची असते.

एक्स-रेत सॅक्रोइलियाक सांध्याची झीज दिसायला कित्येक वर्षं जाऊ शकतात, लवकरची सूज एमआरआयमध्ये दिसते. इथे एक फार कॉमन घोळ होतो. चिठ्ठीवर "एमआरआय लंबर स्पाइन" लिहिलेलं असतं, तो काढून होतो, पैसे जातात, आणि त्यात सॅक्रोइलियाक सांधे धड आलेलेच नसतात, कारण त्यांच्यासाठी वेगळ्या तिरक्या कोनातून फोटो लागतात. शंका संधिवाताची असेल तर मशीनवर झोपायच्या आधी विचारा, "सॅक्रोइलियाक सांधे ह्यात आहेत ना?" एका प्रश्नाने दुसरी फेरी वाचते.

आणि रिपोर्टमध्ये "डिस्क बल्ज" वाचून रात्रभर जागू नका. १९९४ साली ९८ लोकांचे एमआरआय काढले होते ज्यांची पाठ दुखतच नव्हती, त्यातल्या ५२ टक्क्यांच्या मणक्यांमधल्या निदान एका गादीला (डिस्कला) तरी फुगवटा होता. गादी फुगलेली दिसणं आणि गादीमुळे दुखणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धोका उलट्या बाजूचाही आहे, बल्ज सापडला की सगळे खूश होतात आणि पहाटेचा ताठपणा कुणी विचारतच नाही.

स्टेरॉइडवर असाल आणि हाडांची घनता मोजणारी डेक्सा कधीच झाली नसेल तर तीही मागून घ्या. माझी ८ वर्षांत कुणी सांगितली नव्हती आणि मीही विचारली नव्हती.

पायरी ७: कारण कळल्यावर

साधी यांत्रिक निघाली तर बहुतेक वेळा ४-६ आठवड्यांत उतरते. फिजिओथेरपिस्टकडे जा, पण तुमचा संधिवात माहीत असलेल्या. ६ आठवड्यांनी काहीच फरक नाही, किंवा मध्येच पायरी १मधलं काही उगवलं, तर परत जा, "तेच असेल" म्हणून बसू नका.

संधिवातच पाठीत उतरलाय असं निघालं तर एक गोष्ट नवीन लोकांना पटत नाही: हातापायांवर छान चालणारं मेथोट्रेक्सेट पाठीवर चालत नाही, सल्फासॅलाझिनही नाही. ओळखीतल्या एका सोरायटिकवाल्या दादांची बोटं दोन वर्षं झकास होती, त्यामुळे आजार कंट्रोलमध्ये आहे असंच सगळे धरून चालले आणि पाठ आपली गुपचूप आखडत गेली. पाठीसाठी आधी सुजेवरच्या गोळ्या पूर्ण डोसमध्ये काही आठवडे, रोजचा व्यायाम, आणि तेवढ्याने भागलं नाही तर टीएनएफ किंवा आयएल-१७ (सूज वाढवणारं असंच दुसरं प्रथिन) अडवणारी इंजेक्शनं, नाहीतर जॅकच्या गोळ्या, असा रस्ता असतो. डॉक्टर कदाचित बॅसडाय नावाची ६ प्रश्नांची यादी भरून घेतील, ० ते १०, ४ किंवा वर आलं की आजार जागा आहे असं धरतात. तिथे हिरोगिरी करून कमी आकडे टाकू नका, पुढची ट्रीटमेंट त्यावर ठरते.

मणका चेपलेला निघाला तर दुखणं उतरायला साधारण ६ ते १२ आठवडे लागतात, पण खरं काम त्यानंतरचं, पुढचा मणका वाचवायचं. कॅल्शियम, डी जीवनसत्त्व, आणि हाडांचं औषध. आठवड्यातून एकदा घ्यायची ॲलेन्ड्रोनेटची गोळी असेल तर सकाळी उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास ना खायचं ना आडवं व्हायचं, नाहीतर अन्ननलिका भाजते. मेथोट्रेक्सेटही आठवड्यातूनच एकदा, म्हणून दोन्हींचे वार वेगळे ठेवा आणि कॅलेंडरवर पेनाने लिहा, मेथोट्रेक्सेट चुकून रोज घेतलं गेलं तर जिवावर बेतू शकतं. मी मंगळवार आणि शनिवार केलेत. बरोबर स्टेरॉइड सगळ्यात कमी किती डोसवर आणता येईल हा प्रश्न प्रत्येक भेटीत विचारा, उत्तर दरवेळी वेगळं येऊ शकतं.

आणि उंची मोजत जा, सहा महिन्यांनी एकदा, सकाळी, अनवाणी, टाचा भिंतीला लावून. बरेचसे मणके चेपतात ते फार न दुखता, कळतं ते उंचीवरून. माझी दाराच्या चौकटीवर पेन्सिलची खूण आहे, तारीख घातलेली. पहिल्या खुणेच्या आधीच ३ सेंटीमीटर गेलेले होते, ते तरुणपणीच्या जुन्या कागदावरची उंची बघून कळलं, तेव्हा तुमचा असा एखादा कागद असेल तर तो आजच शोधून फाइलला लावून ठेवा.